ठराव कुठाय?

नेता आता दोन दिवसांत तयार होतो. सकाळी चहा-पोहे, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. मधल्या वेळात नेतृत्व. फी भरा, गळ्यात ओळखपत्र अडकवा, सांगितलं की टाळ्या वाजवा, फोटोत हसा आणि नेता होऊन घरी जा.

या धंद्याला माझी ना नाही. बाजारात काय काय विकलं जातं, त्यात हेही. पण अलीकडे या शिबिरांना 'विद्यार्थी नेतृत्व परिषद' म्हणू लागलेत, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं. परिषद हा शब्द फुकटचा नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशीपोटी, पायी चालत, मार खात कमावलेला शब्द आहे. परिषदेत माणसं जमतात, भांडतात. कोणी ठराव मांडतो, कोणी अनुमोदन देतो, कोणी विरोधात उभा राहतो. हात मोजले जातात. मग तो ठराव घेऊन माणसं सरकारच्या दारात जाऊन उभी राहतात. जिथं ठराव नाही, तिथं परिषद नाही. तिथं फक्त गर्दी आणि माईक.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी उमरेडची. एका बाजूला कोळशाची उघडी खाण, दुसऱ्या बाजूला मिरचीचे सातरे. बाप खाणीत ठेकेदाराकडे, माय सातऱ्यावर मिरचीचे देठ तोडायला. नववीत होते तेव्हा नागपुरातल्या अशाच एका परिषदेचं पत्र शाळेत आलं. दोन विद्यार्थी पाठवा. पहिला नंबर ठरलेलाच होता. दुसरी मुलगी घरच्या लग्नामुळे गळाली, म्हणून मी. फी ५०० रुपये. त्या वेळी आठवी ते दहावीच्या आमच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती महिन्याला १०० रुपये होती. म्हणजे दोन दिवसांच्या नेतृत्वाची किंमत पाच महिन्यांची शिष्यवृत्ती. आणि ती शिष्यवृत्ती तरी कुठं हातात आली होती? पैसे मायनं दिले. मिरचीनं तिच्या बोटांची आग व्हायची, रात्री खोबरेल लावूनही जायची नाही. ते पैसे.

उमरेड ते नागपूर ४५ किलोमीटर. एसटीनं गेलो. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या. सुरुवातीला ओळख. नाव, आडनाव, वडील काय करतात, तुझं स्वप्न काय. विदर्भात आडनाव ऐकल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही. वडिलांचं काम ऐकल्यावर तर उरलंसुरलंही कळतं. स्वप्नापर्यंत येईस्तोवर ऐकणाऱ्यांनी मान दुसरीकडे वळवलेली असते. मग गट पाडले. गटप्रमुख कोण? ज्याला इंग्रजीत बोलता येतं तो. कोणी निवडला? कोणी नाही. दोन दिवस नेतृत्व शिकवणाऱ्या त्या सभागृहात एकदाही, एका गटप्रमुखासाठीसुद्धा, हात वर करून मत घेतलं नाही.

मग खेळ. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा उंच मनोरा बांधा. हात कसा मिळवायचा. डोळ्यांत डोळे घालून कसं बोलायचं. एका पाहुण्यांनी सांगितलं, नेता तक्रार करत नाही, नेता मार्ग काढतो. टाळ्या. शेवटी प्रश्नांची पेटी फिरली. मी चिठ्ठी लिहिली : गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून मिळाली नाही. शाळा म्हणते कचेरीत विचारा, कचेरी म्हणते शाळेत विचारा. आम्ही मुलींनी काय करायचं?

पाहुण्यांनी चिठ्ठी उघडली, मनात वाचली, घडी घातली. म्हणाले, "हा प्रश्न इथला नाही. इथं आपण पॉझिटिव्ह बोलू."

माझ्या शेजारी भिवापूरकडची एक पोरगी बसली होती. ती हळूच म्हणाली, "इथचा नाही तं कुठचा हाय?"

या दोन दिवसांत तिथं विचारला गेलेला एकमेव खरा प्रश्न तो. तो तिनं खालच्या आवाजात विचारला, कारण आवाज मोठा करायला तिथं कोणी शिकवलंच नव्हतं.

घरी आले तर बापानं विचारलं, "काय ठरलं वं तिथं? ठराव कोणता झाला?" माझा बाप चौथी शिकलेला. पण कामगारांच्या सभांना बसलेला माणूस. सभा झाली म्हणजे काहीतरी ठरलं असणार, हे त्याच्या हिशेबात साधं. मी प्रमाणपत्र पुढं केलं. त्यानं ते उजेडात धरून पाहिलं, बोटानं चाचपलं. म्हणाला, "कागद चांगला जाड हाय."

आता जरा आपल्या परिषदा आठवा. त्याच नागपुरात, १९२० च्या मे महिन्याच्या शेवटी, छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. कळीचा वाद कोणता? अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे हा. त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी की त्यांचे त्यांनी? बाबासाहेब तेव्हा २९ वर्षांचे होते. पुढं लंडनला शिकायला जायचं होतं. पण त्याआधी हा मुद्दा त्यांनी परिषदेत लढवला. पाहा, शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं 'आमचा गटप्रमुख कोणी निवडायचा' यावर भांडत होती. आणि आमची शाळकरी पोरं आज वातानुकूलित हॉलमध्ये दुसऱ्यानं नेमलेल्या गटप्रमुखामागं मनोरे बांधतात.

१९४२ च्या जुलैत पुन्हा नागपूर. १८ आणि १९ तारखेला दलितांची अखिल भारतीय परिषद, तिच्यातूनच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्मलं. २० तारखेला महिलांची परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. या बायकांचे ठराव वाचा एकदा. घटस्फोटाचा हक्क द्या. एकाहून जास्त बायका करण्याला कायद्यानं बंदी घाला. गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या बाईला पगारी रजा द्या, दुखापतीची भरपाई द्या, म्हातारपणी पेन्शन द्या. गिरणीत बायकांवर बाई देखरेखीला नेमा. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृहं काढा. यातल्या कित्येकींना सही करता येत नसेल. पण काय मागायचं, कोणाकडे मागायचं आणि कोणत्या शब्दांत मागायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. स्वतंत्र भारताचं हिंदू विवाहाचं बिल संसदेत येण्याच्या कितीतरी आधी त्या बायकांनी त्याचा मसुदा मांडवात बसून सांगितला. याला म्हणतात नेतृत्व. त्यांना मनोरा बांधायला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि जाईबाई चौधरी! उमरेडच्या पोरांनो, हे नाव तुमच्या शाळेच्या कोणत्या भिंतीवर आहे? जाईबाई १८९२ साली आपल्या उमरेडला जन्मल्या. १८९६ च्या दुष्काळात घर नागपूरला गेलं. कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहून त्यांनी हमाली केली. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिका म्हणून घेतलं. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवणार? झाली ओरड, गेली नोकरी. पुन्हा ओझी. पण १९२२ साली याच हमाल बाईनं नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावानं मुलींची शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं नसतं, तर हे आपल्यापर्यंत पोचलंही नसतं.

याच जाईबाई डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेला गेल्या. सुशिक्षित, देशभक्त, सुधारक बायकांची परिषद. जेवणाची वेळ झाली तेव्हा दलित बायकांची पंगत वेगळी! भाषणात भगिनीभाव, ताटात जातिभेद. आता विचार करा, आजच्या शिबिरातल्या पाहुण्यांनी जाईबाईंना काय सल्ला दिला असता? पॉझिटिव्ह राहा. तक्रार करू नका. मोठ्या लोकांच्या ओळखी झाल्या ना? जाईबाईंनी हे ऐकलं नसतं. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा जाहीर निषेध केला. परिषदेला जाणं हा त्यांना मान वाटला असेलही. पण मानाच्या बदल्यात मान खाली घालायला त्या तयार नव्हत्या.

इथं कोणीतरी म्हणेल, त्या मोठ्या बायका होत्या. शाळकरी पोरांना काय कळतं? त्यांनी अभ्यास करावा.

मुक्ता साळवेला काय कळत होतं? मांगाची पोर, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली, वय १४ च्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. त्यात तिनं विचारलं, वेद तुमचे, आम्हाला ते पाहायचीही बंदी, तर मग आमचा धर्म कोणता? तिच्या शिक्षकांनी तिला 'हा प्रश्न इथला नाही' असं सांगितलं नाही. उलट तो लिहू दिला. शाळा कशाला म्हणतात, ते त्यावरून ठरवा.

नामांतराच्या लढ्यात १९७८ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात पोलिसांच्या गोळीनं पडलेल्यांत अविनाश डोंगरे हे पोरगं होतं, शाळकरी वयाचं. गोळीला कळत होतं की पोराच्या घोषणेत दम आहे. आपल्या हेडमास्तरांना मात्र अजून कळत नाही.

सातासमुद्रापार पाहा. ज्यांच्या पँथरवरून आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं, त्या काळ्या माणसांच्या अमेरिकेत बार्बरा जॉन्स नावाची १६ वर्षांची पोरगी होती. व्हर्जिनियातलं फार्मव्हिल, उमरेडसारखंच आडबाजूचं गाव. काळ्या मुलांची हायस्कूल इमारत अपुरी, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या झोपड्यांत वर्ग. २३ एप्रिल १९५१ ला या पोरांनी खोटा फोन करून मुख्याध्यापकाला बाहेर पाठवलं, सगळ्या वर्गांना चिठ्ठ्या पाठवून सभागृहात बोलावलं, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं, आणि बार्बरा उठून बोलली. साडेचारशेच्या आसपास मुलं शाळेबाहेर पडली. दोन आठवडे संप. त्यांनी मागितली होती नवी इमारत. वकील आले आणि म्हणाले, इमारतीसाठी नाही, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा या प्रकाराविरुद्धच लढणार असाल तर खटला घेतो. पोरं तयार झाली. ज्या पाच खटल्यांवर १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्यातला एक या पोरांचा होता.

बार्बराला प्रमाणपत्र कोणी दिलं नव्हतं. तिनं मागणी नेमकी केली, माणसं जमवली आणि वेळ साधली. नेतृत्वाला एवढंच लागतं.

मग हे शाळेत का शिकवत नाहीत? कारण ते चालतं, म्हणून. आमच्याकडे मॉनिटर कोण? हेडमास्तर ठरवतील तो. विधानसभेची उमरेडची जागा २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. आमदार निवडताना गाव मत देतं. पण त्याच गावातल्या शाळेत वर्गाचा मॉनिटर निवडायला पोराला मत नाही. तो १८ व्या वर्षी एकदम सुजाण नागरिक होणार, असं आपण समजायचं!

कॉलेजातही तेच. कॅम्पसवरच्या मारामाऱ्यांचं कारण दाखवून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका मोडीत काढल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. जास्त मार्क तो नेता. आता मार्क कोणाला जास्त पडतात, कोणाच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली असते, कोणाला शिकवणी परवडते, हे का मी सांगायला हवं? २०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक परत लिहिली गेली. २०१९ मध्ये ती होणार म्हणून पोरं तयारीला लागली, आणि ती पुढं ढकलली गेली. निवडणुकीला घाबरतात आणि शिबिरांना उत्तेजन देतात. यातली मेख ओळखा. निवडून आलेल्या पोराच्या मागं पोरं असतात. शिबिरातून आलेल्या पोराच्या मागं फक्त भिंत असते, प्रमाणपत्र टांगायची.

बाबासाहेबांच्या तीन शब्दांतला 'शिका' तेवढा यांना चालतो. तो ते भिंतीवर रंगवतात. उरलेल्या दोन शब्दांवर चुना मारतात.

मी असं म्हणत नाही की इंग्रजी बोलू नका, धीटपणा शिकू नका. शिका. हात मिळवायला शिका, माईकवर बोलायला शिका, शिबिरात जे फुकट मिळेल ते ओरबाडून घ्या. आमच्या पोरांची मान पिढ्यान् पिढ्या खाली दाबली, ती वर करायला जे उपयोगी पडेल ते आपलं. पण धीटपणा कशासाठी, हा प्रश्न विसरू नका. नुसता धीट झालेला पोरगा चांगला सेल्समन होतो. प्रश्न सोबत असेल तरच तो कार्यकर्ता होतो.

आता आपल्या घरात पाहू. आपल्या चळवळीतली शिबिरं काय वेगळी असतात? स्टेजवर १४ पुढारी, त्यांचे १४ हार, प्रत्येकाचं भाषण ४० मिनिटांचं. विषय : तरुणांनी पुढं आलं पाहिजे. तरुण कुठाय? तो खुर्च्या लावतो आहे. तरुणी कुठाय? ती रांगोळी काढून आता स्वागतगीताला उभी आहे. जयंतीला पोरं वर्गणी गोळा करतात, डीजे ठरवतात, मिरवणूक काढतात. एवढं मोठं काम बिनबोभाट करणाऱ्या पोरांना आपण ठराव मांडायला एकदा तरी उभं केलं? गटातटांच्या पुढाऱ्यांनी आपल्या पोरांना झेंडा धरायला शिकवलं, मत मांडायला नाही. बाहेरच्यांनी चिठ्ठी खिशात घातली की आपल्याला राग येतो. घरातलेच चिठ्ठी फाडतात, त्याचं काय?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उमरेड तालुक्यात आठवी ते बारावीच्या पोरा-पोरींची परिषद त्यांनी स्वतः भरवावी. शहरातल्या वाचकहो, तुम्ही तुमच्या वस्तीत भरवा. त्यासाठी हॉल लागत नाही. विहार आहे, समाजमंदिर आहे, रविवार आहे. कायदा आड येत असेल असं वाटतं? बालहक्कांची संहिता संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केली, भारतानं ती १९९२ साली मान्य केली. तिच्या कलम १२ प्रमाणे मुलांना त्यांच्याशी संबंधित प्रश्नांवर मत मांडण्याचा हक्क आहे, कलम १५ प्रमाणे संघटना करण्याचा आणि शांततेनं जमण्याचा हक्क आहे. हेडमास्तरांनी विचारलं तर हे कलम सांगा. इंग्रजीत सांगितलं तर आणखी चांगलं.

ती कशी भरवायची? प्रमुख पाहुणा नको. हार नको. छातीवरच्या चिठ्ठीत फक्त पहिलं नाव. मोठ्या माणसांनी मागं बसावं, पाणी वाटावं, विचारल्याशिवाय बोलू नये. अध्यक्ष तिथल्या तिथं हात वर करून निवडावा. आपली नागपुरी बोली चालेल, तीच चालेल. सकाळी विषय नियामक समिती बसेल आणि आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उघड वाचेल. एकही चिठ्ठी खिशात जाणार नाही. मग ठराव. प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक, विरोध करायला पूर्ण वाव, आणि मोजलेले हात. फार नकोत, तीनच ठराव करा. शिष्यवृत्तीचे किती अर्ज गेले, किती मंजूर झाले आणि किती पैसे आले, हे शाळेनं फलकावर लिहावं. मॉनिटरची निवड चिठ्ठी टाकून व्हावी. शाळा सुटल्यावर गावाकडे जायला बस नसेल तिथं ती मिळावी, कारण मुलींना पास फुकट देऊन बस दिली नाही तर पास कपाळाला लावायचा काय?

ठराव झाला की तो वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पाच जण मिळून संबंधित कचेरीत द्या. एकट्यानं जाऊ नका. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या, तारीख घ्या. उत्तर नाही आलं तर घरातल्या मोठ्या भावाला-बहिणीला माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाकायला लावा. २००५ च्या त्या कायद्यानं ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि दोन महिन्यांनी पुढची परिषद. तिची सुरुवात दीपप्रज्वलनानं नाही, मागच्या ठरावांचं काय झालं याच्या वाचनानं.

पहिल्या परिषदेला ११ पोरं येतील. कोणी हसेल. कोणी घरी येऊन मायबापाला सांगेल, पोरगी बिघडून राहिली. ज्या दिवशी असं कोणी सांगायला येईल, त्या दिवशी समजा की ठराव योग्य जागी लागला. १०० रुपयांची शिष्यवृत्ती ही काही क्रांती नव्हे, मला ठाऊक आहे. पण जे पोरगं नववीत आपल्या १०० रुपयांचा हिशेब वही उघडून मागेल, ते उद्या खाणीतल्या ठेकेदाराला मजुरीचा हिशेब विचारेल, सातऱ्यावरच्या मालकाला किलोचा भाव विचारेल, आणि परवा आपल्याच पुढाऱ्याला विचारेल की गेल्या वर्षीच्या ठरावाचं काय केलंस.

तेव्हा वही घ्या, दोस्तांनो. पहिल्या पानावर तारीख घाला, जमलेल्यांची नावं लिहा, आणि खाली लिहा : ठराव क्रमांक १.